हंडा डोक्यावर कोण चढवणार?

हंडा भरला की आमचं काम संपलं, असं मी नोकरीची पहिली सात-आठ वर्षं मानत होतो. खात्यात सगळेच तसं मानत. झरा शोधा, पाइप टाका, टाकी बांधा, नळ बसवा, सरपंचांच्या हातून नारळ फोडा आणि पुढच्या पाड्याला लागा. भरलेला हंडा नळाखालून पुढे कसा जातो, हा प्रश्न आमच्या कुठल्याही नकाशात नव्हता. तो मला पेठच्या डोंगरातल्या एका सासूने विचारला. तोही चारचौघांदेखत आणि माझे बूट भिजवून.

ग्रामीण पाणीपुरवठ्यात मी कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि त्याच्याहून फार वर न चढता निवृत्त झालो. बढत्यांची हकिकत एवढ्यात संपली, हे वाचकांचं भाग्यच. माझे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होते. आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. नळ घरात, नळाखाली बादली, बादलीला कडी. पाणी म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर हेच चित्र यायचं, आणि पुढे जो घोळ झाला तो त्या चित्रातूनच झाला.

आमचं काम बाहेरच्या माणसाला समजेल असं सांगतो. डोंगरात पाणी दोन जागी असतं. वर कड्याच्या पोटात एखादा बारमाही झरा असतो, पण तिथे जायला धड वाट नसते. खाली नाल्यात झिरा, म्हणजे झिरपत्या पाण्याचा खड्डा असतो, तिथे वाट असते. घरं या दोघांच्या मध्ये. म्हणून बायका रिकाम्या हंड्याने खाली उतरतात आणि भरलेल्या हंड्याने वर चढतात. आम्ही वरचा झरा बांधून घ्यायचो, त्याला पाइप लावायचो आणि पाणी त्याच्याच वजनाने उतरवत पाड्यात आणायचो. मोटर नाही, वीज नाही. उताराचं गणित जमलं की पाणी आपलं आपण येतं. पाड्यात आठ-दहा घरांमागे एक नळकोंडाळं, म्हणजे सिमेंटचा खांब, त्याला दोन तोट्या आणि खाली फरशी. तोटी जमिनीपासून दोन फुटांवर. खालून बादली सहज निघते.

बायकांच्या तक्रारीला कारण असतं, हे मला खरं तर आधीच कळायला हवं होतं. वणीकडच्या एका गावात हातपंप बसवला होता. पाणी भरपूर, तपासणीत पास. तरी बायका पंपावर येईनात. मी चिडून एका म्हाताऱ्या आजीला विचारलं, तेव्हा तिने घरातून ताटलीत वाढून डाळ आणली. म्हणाली, "खा बाबा, सकाळपासून शिजती." दाण्यावर दाणा वाजत होता. पाणी जड होतं आणि जड पाण्यात डाळ शिजत नाही, हे आमच्या तपासणीच्या कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं. मी ती डाळ निमूट चावली, हसलो आणि घरी जाऊन विसरलो. शिकण्यासारखं काहीतरी समोर आलं की आधी त्याचा विनोद करायचा, ही माझी जुनी खोड आहे.

आता उंबरझिरीकडे येतो. पाड्याचं नाव मी बदललं आहे, माणसांचीही बदलली आहेत. तीसेक घरं. भाताची झोडणी झाली की निम्मा पाडा दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्षबागांत कामाला जायचा, तो पावसाच्या तोंडाशी परत यायचा. मागे उरायची म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि ज्यांना काही कारणाने जाता येत नाही अशा बायका. तिथली बोली मला लिहिता येत नाही. माझ्याशी बोलताना ती माणसं वळवून बोलत, तसंच इथे देतो. मात्र लहान-थोर सगळ्यांना ती सरसकट 'तू' म्हणत. मला त्या 'तू'ची पुढे इतकी सवय झाली की ऑफिसात कुणी 'अहो' म्हटलं की काहीतरी चुकलंय असं वाटायचं.

मी तिपाईवर दुर्बीण लावून उतार मोजत होतो, तेव्हा हौशीबाई पहिल्यांदा भेटल्या. पन्नाशीच्या, काटक, उजवा हात अंगाशी धरलेला. बराच वेळ त्या माझ्यामागे उभ्या होत्या.

"त्या नळीतून पाणी दिसते का रं?"

"पाणी नाही, उतार दिसतो. उतार असला की पाणी येतं."

"मग कदी येल?"

मी सरकारी उत्तर दिलं, म्हणजे दिलंच नाही. त्या पुढे येऊन तिपाईच्या अगदी जवळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझी सून गरवार हाय. तिसऱ्यांदा. पयली दोन पडली. दोनी बारीला त्या चढावर, डोईवर हंडा आसताना. नर्सबाई सांगते वजन उचलू नको, चढू नको. मी म्हनलं, बाय, तूच ये मग पानी भराया. माझा ह्यो हात खांद्याच्या वर जात नाय. लेक बागेत गेला. होळीच्या आदी पानी आण, मग मी तुला मानन."

सून मागे दारात उभी होती. पारू तिचं नाव. वीस-एकवीसची असेल. ती माझ्याकडे बघत राहिली. शेजारणी कधीमधी एखादा हंडा आणून देत. पण प्रत्येकीच्या घरी तीच रड, रोज रोज कोण कुणाचं भरणार?

त्या योजनेइतका मी कुठल्याच कामामागे धावलो नाही. पाइप आणायला मी स्वतः गाडीत बसून गेलो. गवंडी नामदेव, माणूस हाताने सोन्यासारखा आणि तोंडाने तिखट, त्याला मी इतकं पिडलं की तो म्हणायचा, "साहेब, बाळंतपण तुमच्या घरी हाये का काय?" होळीच्या आठ दिवस आधी टाकीतून पाणी सुटलं. तोटी उघडली, आधी नुसती हवा फुसफुसली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. पोरं नाचली, नारळ फुटला. हौशीबाई म्हणाल्या, "मानला तुला." मी छाती पुढे काढून घरी आलो आणि बायकोला दोनदा ती हकिकत सांगितली.

तीन आठवड्यांनी टाकीची पाहणी करायला गेलो. भर दुपार. दोन्ही तोट्या ठीक होत्या, पाणी जोरात येत होतं. फरशी मात्र कोरडी ठणठणीत आणि तिच्यावर एक शेळी झोपलेली. मला काही समजेना. मग नाल्याच्या बाजूने बायकांची रांग वर येताना दिसली. डोक्यावर हंडे. शेवटून दुसरी पारू होती. एक हात हंड्याला, एक हात पोटाला. पाचवा महिना लागला होता तिला.

मला संताप आला. खोटं कशाला सांगू, काळजी नंतर वाटली, आधी संतापच आला. एवढी धावपळ केली ती शेळीसाठी का? आणि संतापलेल्या माणसाने करायची ती चूक मी केली. बायकांना विचारलंच नाही. सरपंचांना विचारलं. ते म्हणाले, "जुनी सवय साहेब, बायकांची सुटत नाय." मी तेच उत्तर चांगल्या सरकारी भाषेत बसवून अहवाल लिहिला: महिलांमध्ये पाणी वापराबाबत जनजागृतीची आवश्यकता आहे. तो अहवाल वाचताना आजही मला शरमेने मेल्यासारखं होतं.

जनजागृती आली. म्हणजे कलापथक आलं. ढोलकी, पेटी आणि काळी घोंगडी पांघरून जंतू झालेला एक उंच माणूस. हा जंतू झिऱ्याच्या पाण्यातून उडी मारून निघायचा आणि नळाच्या पाण्याला बघून पळत सुटायचा. बायका डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. कार्यक्रम संपल्यावर घामाघूम झालेल्या त्या जंतूला त्यांनी मोठ्या मायेने पाणी पाजलं, तेही झिऱ्याचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्याजणी पुन्हा खाली.

मग मात्र मी तडक हौशीबाईंच्या दारात गेलो. म्हटलं, "तुमच्या सुनेसाठी मी रात्रीचा दिवस केला. दाराशी नळ आणून दिला. आणि तुम्ही तिला अजून त्या चढावर पाठवता? तुम्हाला सुनेची काही काळजी आहे की नाही?"

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. मग घरातून हंडा आणला, नळाखाली ठेवला आणि म्हणाल्या, "भर."

मी भरला.

"आता घे डोईवर."

"मी?"

"मग कोन? तुझाच नळ हाय."

आजूबाजूला बायका जमल्या. नामदेवही टाकीवरून उतरून येऊन उभा राहिला. मी वाकलो. भरलेल्या हंड्याला कडी नसते, हे मला त्या क्षणी नव्याने कळलं. गोल, ओला, गुळगुळीत, धरायला फक्त काठ. कसाबसा गुडघ्यापर्यंत आणला. गुडघ्यावरून वर न्यायचा तर अंग मागे टाकून पोटाचा आधार देण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तसा दिला. छातीशी आला, तिथून हात निसटला आणि सगळा हंडा माझ्या बुटांत उतरला. बायका खो खो हसल्या. नामदेव तर खालीच बसला.

हौशीबाई हसल्या नाहीत. "कुठं टेकवलास हंडा?" त्यांनी विचारलं.

माझा हात ओल्या शर्टावर गेला, पोटापाशी.

"पोटावर टेकवलास. आता ही टेकवल का पोटावर?"

पारू तिथेच उभी होती. मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

मग त्या मला खाली झिऱ्यावर घेऊन गेल्या. अर्ध्या तासाची उतरण, पायाखाली सुटे दगड. झिऱ्याच्या कडेला एक सपाट माथ्याचा कातळ होता, बाईच्या खांद्याएवढा उंच. हंडा त्या कातळावर ठेवायचा, तांब्याने भरायचा. भरला की पाठ वळवायची, मान जराशी खाली घालायची आणि हंडा कातळावरून सरळ चुंबळीवर ओढून घ्यायचा. उचलायचाच नाही. मीसुद्धा घेऊन पाहिला. पहिल्या झटक्यात आला डोक्यावर.

"वर नळावर दोघी आसल्या तर येक दुसरीला चढवते," हौशीबाई म्हणाल्या. "पन मागं ऱ्हाते तिला कोन चढवल? पयलीच्या डोईवर हंडा, तिला वाकता येत नाय. अर्दा हंडा न्यायचा तर दुप्पट खेपा, दर खेपेला वाकायचं. हितं आमाला ह्यो दगड चढवतो."

एवढंच होतं. सवय नाही, अडाणीपणा नाही, जंतू नाहीत. मी दोन फुटांवर तोटी बसवली होती, कारण मी बादलीवाल्या घरातला होतो. खात्याचा सगळीकडे एकच वापरायचा नमुना नकाशा काढणाराही बादलीवालाच असणार. पारूसमोर दोनच वाटा होत्या, चढ किंवा पोट. तिने त्यातल्या त्यात चढ निवडला होता.

वर चढून येताना माझ्या भिजलेल्या बुटांचा पचपच आवाज येत होता आणि मला दुसरंच काहीतरी आठवत होतं. आधीच्या काही पाड्यांत माझ्या नळकोंडाळ्याशेजारी बायकांनी दगडांचे ढीग रचलेले मी पाहिले होते. मला ते अव्यवस्थित वाटायचे. मोठे साहेब पाहणीला येणार असले की मी ते हटवून जागा साफ करून घ्यायचो. निदान तीन ठिकाणी मी हे केलं. त्या बायकांनी माझी चूक परस्पर दुरुस्त केली होती आणि मी ती दुरुस्ती उचलून फेकली होती. याचं मला आजही वाईट वाटतं.

आमचे उपअभियंता सज्जन गृहस्थ होते. मी सगळं सांगितल्यावर म्हणाले, "नमुना नकाशा आपल्याला बदलता येत नाही. प्रस्ताव द्या, पावसाळ्यानंतर बघू." पारूला पावसाळ्यानंतर म्हणजे काय, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. मी प्रस्ताव दिला आणि दुसऱ्या दिवशी डायरीत 'नळकोंडाळ्याची किरकोळ दुरुस्ती' असं लिहून, नळाखाली त्या कातळासारखा उंच ओटा बांधायला, नामदेवला घेऊन उंबरझिरीला गेलो. नोकरीत नियम मोडायची ती माझी पहिली वेळ.

"ओटा किती उंच धरू?" नामदेवने विचारलं. आता आली पंचाईत. कुणी उंच, कुणी बुटकी. प्रत्येकीने खांबाला टेकून आपला खांदा दाखवला आणि कोळशाच्या सात-आठ रेघा झाल्या. बायका आपसात भांडायला लागल्या. मी नेहमीप्रमाणे सरासरी काढायला कागद हातात घेतला.

"कागद ठेव," हौशीबाई म्हणाल्या. "पारूचं माप धर. आणि आजचं धरू नको. दिस भरत आल्यावर तिला वाकता यायचं नाय, गुडगं मोडता यायचं नाय. तवाचं धर."

पारू पुढे आली. रिकामा हंडा डोक्यावर घेऊन खांबाशी ताठ उभी राहिली, डोळे मिटून जणू पुढचे चार महिने अंगावर घेऊन पाहत होती. नामदेवने रेघ ओढली. तिने डोळे उघडले आणि माझ्याशी पहिल्यांदाच बोलली. "दोन बोटं वर," ती म्हणाली. नामदेवने दोन बोटं वर रेघ ओढली.

बांधकाम दोन दिवसांचं, पण ओटा पक्का व्हायला सात दिवस तरी पाणी मारावं लागतं. ते बायकांनी मारलं. तेवढे दिवस पारूचं पाणी पाड्याने वाटून घेतलं. मला काळजी तोटीची होती. ती आता ओट्याच्या वर, पुरुषभर उंचीवर न्यायची होती. गणित सांगत होतं की पाणी चढेल. पण त्या महिन्यात माझा स्वतःच्या गणितावरचा विश्वास उडालेला होता.

आठव्या दिवशी पाणी सोडलं. चढलं. पारूने हंडा ओट्यावर ठेवला, हात वर करून तोटी उघडली. भरल्यावर बंद केली. पाठ वळवली, मान किंचित खाली, एक हात हंड्याच्या काठाला. आणि हंडा डोक्यावर घेऊन ती चालू लागली. गुडघा वाकला नाही, पोटाला काही लागलं नाही, कुणाचा हात लागला नाही. घर चाळीस पावलांवर. ती उंबरठ्याआड गेली. मग हौशीबाई नामदेवला म्हणाल्या, "आता बाकीच्या दोनी नळांना पन आसंच बांद." मला त्यांनी विचारलंही नाही.

उपअभियंता पाहणीला आले. टेपने ओटा मोजला. म्हणाले, "हे नकाशात नाही."

"नाही, साहेब."

ते सावलीत उभे राहून बराच वेळ पाणी भरणाऱ्या बायका बघत राहिले. सहा-सात हंडे गेले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्या प्रस्तावाच्या मागच्या कोऱ्या बाजूला स्वतः ओट्याचं चित्र काढलं, मापांसकट. वर पाठवतो म्हणाले. खरंच पाठवलं. पुढे आमच्या भागात तसे ओटे होऊ लागले. जुन्या पाड्यांत परत जाऊन मी जमतील तेवढे बांधून घेतले. सगळे झाले नाहीत.

पावसात घाटाखालच्या वाटा बंद झाल्या. पाड्यात फोन नव्हता. पारूचे दिवस भरत आले असतील एवढं मला ठाऊक होतं, पुढचं काही कळायला मार्ग नव्हता. ओट्यावर शेवाळ धरलं असेल, ती घसरली असेल, असलं काहीबाही मनात यायचं. पेठच्या आठवडे बाजारात नामदेव गर्दीतून लांबूनच ओरडला, "साहेब, पोरगी झाली! दोघीबी बऱ्या!" मी तिथेच कुणाच्या तरी कांद्याच्या गोणीवर बसलो. नामदेवने चहा आणला, तो प्यायलो, आणि मग आणखी एक प्यायलो. इतकं हलकं मला स्वतःच्या मुलाच्या वेळीही वाटलं नव्हतं. त्या वेळी मी निदान दवाखान्याच्या दारात तरी होतो.

पुढच्या चैत्रात शेजारच्या पाड्याचं काम निघालं, म्हणून उंबरझिरीला वाट वाकडी केली. दुपारचे दोन वाजले असतील. वर्षापूर्वी याच वेळेला ती रांग मी चढावर पाहिली होती. आता चढ मोकळा होता. मी मोटारसायकल हौशीबाईंच्या अंगणात लावली आणि नेहमीसारखी मोठ्याने हाक मारली.

हौशीबाई दारातच बसल्या होत्या, चांगला हात पुढे करून. "हळू बोल," त्या कुजबुजल्या. "निजली हाय."

"नात?"

"नात बी. पन सून."

अर्धवट उघड्या दारातून मला आतलं दिसलं. घोंगडीवर पारू कुशीवर गाढ झोपली होती, तोंड थोडं उघडं, चुंबळ काढून उशाशी ठेवलेली. तिच्या पोटाशी ती पोर. त्या डोंगरात चैत्रातल्या दुपारी झोपलेली सून मी तोपर्यंत एकही पाहिली नव्हती, आणि दारात तिची राखण करत बसलेली सासू तर नाहीच नाही.

हौशीबाईंनी मला हातानेच जा म्हणून खुणावलं. मी मान हलवली आणि मोटारसायकल सुरू न करता पाड्याच्या टोकापर्यंत ढकलत नेली.